पाणी ठरवेल तो मासा

विदर्भातल्या खेड्यात रंगीत माशाशी पहिली गाठ पडते ती बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात. भिंतीच्या कडेला सिमेंटचं टाकं असतं, त्यावर ‘गप्पी मासे पैदास केंद्र’ असं रंगवलेलं असतं आणि शेवाळलेल्या पाण्यात बोटाच्या पेराएवढे मासे फिरत असतात. पावसाळा तोंडावर आला की हिवतापाच्या कामावरचे कर्मचारी ते मासे डबक्यांत, वापरात नसलेल्या विहिरींत, साचलेल्या पाण्यात सोडतात. डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी भारतात आणला गेला तो १९०८ च्या सुमारास. त्याचा नातलग गंबुशिया १९२८ मध्ये आला. दोघांचं मूळ अमेरिका खंडात. पण शंभर वर्षांत गप्पी इथल्या पाण्यात असा रुळला, की खेड्यातल्या पोरांना तो आपल्याच नाल्यातला वाटतो.

कारंजा (घाडगे) इथे घराच्या गच्चीवर मासे वाढवणाऱ्या एका गृहस्थांची सुरुवात अशाच बरणीभर गप्पींनी झाली. आता गच्चीवर सिमेंटची टाकी आहेत, खालच्या खोलीत काचेच्या टाक्यांच्या रांगा आहेत, आणि गप्पी, मॉली, प्लॅटी, फायटर, झेब्रा असे लहान मासे इथून नागपूर-अमरावतीच्या दुकानांत जातात. कारंजा हे वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नागपूर–अमरावती महामार्गावर, दोन्ही शहरांच्या साधारण मधोमध. आजूबाजूला संत्र्याच्या बागा, कपाशी, तूर. शोभेच्या माशांच्या पैदाशीचं नाव निघालं की लोक हावडा-कोलकात्याकडे नाहीतर चेन्नईच्या कोळत्तूरकडे बोट दाखवतात. तिथे दमट हवा आहे, पिढ्यांचा अनुभव आहे, शेजारच्या घरात अडचण विचारायला माणूस आहे. कारंज्यात यातलं काहीच नाही. इथे आहे कोरडी हवा, जड पाणी आणि मे महिना. या तिघांनीच इथला मासा निवडला, आणि ज्याला हे काम करायचं त्याने ती निवड ऐकून घ्यायची.

पाण्यापासूनच सुरू करू. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर, बेसाल्टवर बसलेला आहे. त्या खडकातून झिरपून विहिरीत आणि बोअरमध्ये येणारं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. डाळ लवकर शिजत नाही, तपेल्याच्या तळाला पांढरा थर धरतो. घरातल्या बायकांना हे पाणी ‘जड’ असल्याचं कोणत्याही चाचणीपट्टीच्या आधीपासून ठाऊक असतं. नव्याने मासे पाळणाऱ्याचा जीव मात्र निऑन टेट्रावर बसलेला असतो. निळी-तांबडी झळाळी असलेला हा इवलासा मासा ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी, झाडपाल्याने काळपट झालेल्या पाण्यातला. मोठा झालेला निऑन जड पाण्यात कसाबसा जगतो, पण त्याची अंडी तिथे वाढत नाहीत. उलट गप्पी, मॉली, प्लॅटी हे जड आणि थोड्या अल्कधर्मी पाण्यात खुलणारे मासे. मॉलीला तर मऊ पाणी सोसतच नाही. अंग आक्रसून ती जागच्या जागी हेलकावत राहते.

आरओचं पाणी वापरून निऑन काढता येईल, असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. येईलही. पण घरगुती आरओ एक बादली पाणी देताना त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतं. ज्या भागात उन्हाळ्यात नळाची वाट बघावी लागते, तिथे हौसेच्या माशासाठी असं पाणी घालवणं या गृहस्थांना पटत नाही, आणि त्यात त्यांचं बरोबरच आहे. मऊ पाण्याची त्यांची गरज पावसाळ्यात गच्चीवरून धरलेल्या पाण्यावर भागते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते किमान एक दिवस उघड्या टाकीत हवा सोडून मुरवायचं. घाई असेल तर हायपोचे दोन-चार खडे.

गप्पीची पैदास होऊ देणं काही कठीण नाही. ती थांबवणंच कठीण. मादी अंडी घालत नाही, साधारण चार आठवड्यांनी थेट पोहणारी पिल्लं देते. एकदा नराशी संग झाला की त्याचं बीज ती महिनोन्‌महिने पोटात जपून ठेवते आणि पुढची वेतं नराशिवाय देत राहते. दुकानातून आणलेल्या एकट्या मादीने घरी पिल्लं दिली, हे नवल सांगत येणारे लोक म्हणूनच नेहमी भेटतात. पैदासकाराच्या दृष्टीने यातच खरी मेख आहे. एखादा देखणा निळा नर हेरून मादीशी जुळवला, आणि त्या मादीच्या पोटात आधीच्याच कुणाचं बीज असलं, तर पुढची सगळी पिल्लं भलत्याच रंगाची निघतात. त्यासाठी पिल्लं तीन-चार आठवड्यांची होताच नर-मादी वेगळे करावे लागतात. मादीच्या पोटाच्या मागच्या बाजूला गडद डाग उमटू लागतो, नराचा पोटाखालचा मागचा पर निमुळता होऊ लागतो. भिंगाखाली, पांढऱ्या ताटलीत, एकेक पिल्लू बघून हा निवाडा करायचा. या एका कामात ज्याची नजर तयार झाली, त्याचीच गप्पीची जात शुद्ध राहते.

रंगाचं गणितही याच माशाने विज्ञानाला शिकवलं. डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी १९२० मध्ये दाखवलं, की गप्पीच्या नराची काही नक्षी बापाकडून लेकाकडेच जाते. पुढे ऑयविंद विंगे यांनी ती वाय गुणसूत्राशी बांधलेली असल्याचं उलगडून दाखवलं. मादी दिसायला फिकट असली तरी तिच्या बाजूनेही रंगाची जनुकं येतात, ती फक्त तिच्या अंगावर उमटत नाहीत. त्यामुळे कारंज्याच्या त्या खोलीत प्रत्येक टाकीवर चिकटपट्टी लावलेली असते आणि तिच्यावर बापाचं कूळ, आईचं कूळ आणि तारीख लिहिलेली असते. ही चिकटपट्टी गळून पडली तर आतले मासे कितीही सुंदर असोत, पैदाशीसाठी ते बाद.

फायटरची तऱ्हा निराळी. थायलंडकडचा हा मासा हवेतला प्राणवायूही घेऊ शकतो, म्हणून बिचाऱ्याला बाटलीत कोंबायचा प्रघात पडला. नराला उथळ पाण्यात, देशी बदामाचं वाळकं पान टाकून ठेवलं की तो तोंडाने बुडबुडे सोडून पृष्ठभागावर फेसाचं घरटं बांधतो. मादी आधी काचेच्या पलीकडून दाखवायची. तिच्या अंगावर उभे पट्टे उमटले, पोट भरलेलं दिसलं, की मग आत सोडायची. नर तिला अंगाचा विळखा घालतो, अंडी खाली पडू लागतात, आणि तो एकेक अंडं तोंडात उचलून घरट्यात चिकटवत राहतो. विधी आटोपला की मादी लगेच बाहेर काढायची, नाहीतर नर तिचे पर फाडतो. दीड-दोन दिवसांत अंड्यांतून शेपट्या लोंबू लागतात. खाली घसरलेलं पिल्लू नर पुन्हा वर नेऊन ठेवतो, रात्रंदिवस. पिल्लं आडवी पोहू लागली, की त्याचं काम संपतं आणि माणसाचं सुरू होतं.

कारण आता त्यांना खायला काय देणार? शेकडो पिल्लं, प्रत्येकाचं तोंड सुईच्या टोकाएवढं. दुकानातली पूड कितीही बारीक केली तरी ती त्यांच्या दृष्टीने अन्नच नसतं. हलणारं काहीतरी समोर आलं तरच ती झडप घालतात. घरी मासे वाढवण्याचा नाद सोडून देणारे बहुतेक लोक इथेच सोडतात. अंडी झाली, पिल्लं झाली, आणि आठवड्याच्या आत टाकी रिकामी! पाण्याला, हवेला, नशिबाला दोष देऊन होतो, पण पिल्लं गेलेली असतात उपाशी.

म्हणून या घरात माशांची जोडी जुळवायच्या आधी त्यांच्या पिल्लांच्या खाण्याची पेरणी होते. जुन्या टाकीचं पाणी बरण्यांत घेऊन त्यात कोबीचं पान नाहीतर केळीच्या सालीचा तुकडा टाकतात. पाणी आधी पांढुरकं होतं, वास मारतं. तो जिवाणूंचा काळ. चार-पाच दिवसांनी ते निवळतं, आणि बरणी उजेडासमोर धरली की धुळीसारखे ठिपके स्वतःहून हलताना दिसतात. हे परमीशियम आणि त्याच्यासारखे एकपेशीय जीव. पाणी पांढुरकं असताना दिलं तर पिल्लं मरतात, निवळल्यावर दिलं तर जगतात. बरणी जास्त दिवस टिकत नाही, म्हणून एक संपत येईतो दुसरी तयार हवी.

त्यानंतरच्या टप्प्यात आर्टेमिया लागतो. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून याची वाळकी अंडी जगभर डब्यांतून जातात, कारंज्यातही पोचतात. लिटरभर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम मीठ, उजेड, खालून जोरात हवा आणि २८ अंशांच्या आसपास उष्णता मिळाली, की एका दिवसात नारिंगी कण वळवळू लागतात. त्यांच्या अंगातला बलक काही तासांतच उतरणीला लागतो. सकाळी निघालेला आर्टेमिया सकाळीच द्यायचा. डबा महाग, उघडल्यावर ओल लागली की वाया. तेव्हा सगळी भिस्त त्याच्यावर ठेवून गावातलं हे काम परवडत नाही.

परवडतो तो मोइना. पाण्यातला हा पिसवासारखा उड्या मारणारा जीव मिलिमीटरभर लांबीचा असतो. याच्या माद्या चांगल्या दिवसांत नराशिवायच माद्यांना जन्म देत सुटतात. पाणी आटू लागलं, दाटी झाली, की मग नर निपजतात आणि टणक कवचाची अंडी तयार होतात. ही अंडी तळ्याच्या चिखलात सुकून पडतात आणि मोठा उन्हाळा सोसतात. या गृहस्थांचा मोइना कुठल्याही दुकानातून आलेला नाही. मे महिन्यात एका आटलेल्या तळ्याच्या तळाची भेगाळलेली माती आणून त्यांनी ती गच्चीवरच्या टाक्यात भिजवली. काही दिवसांत पाणी जिवंत झालं. आता टाक्यात ढेपेचं पाणी घालून ते हिरवं ठेवायचं आणि संध्याकाळी जुन्या ओढणीच्या कापडाने मोइना गाळून घ्यायचा. नालीतले ट्यूबिफेक्स विकत मिळतात, पण ते घरात येत नाहीत; त्यांच्यासोबत कोणता रोग येईल याचा भरवसा नाही.

आणि मग मे महिना. रोहिणी नक्षत्रातला नवतपा लागला की वर्ध्या-नागपुराकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो. गच्चीवरच्या टाक्यातलं पाणी अंघोळीच्या पाण्यागत होतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो साडेसातपर्यंत उतरतो आणि ३५ ला सातच्याही खाली. नेमका त्याच वेळी उष्णतेने माशाचा श्वास वाढलेला असतो. दुसरं संकट दिसत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. पाण्याचा सामू सात असेल तर त्यातला फार थोडा भाग विषारी रूपात असतो, पण सामू आठवर गेला की तो भाग जवळपास दहापट होतो आणि तापमानाने आणखी वाढतो. जड पाण्याचा सामू मुळातच चढा. म्हणजे जे पाणी मॉलीला खुलवतं, तेच उन्हाळ्यात थोड्या शिळ्या खाद्यावर टाकीच्या टाकी आडवी करतं.

यावर इथे एकच धोरण चालतं: उन्हाळ्यात पैदास बंद. जोड्या वेगळ्या करायच्या, माशांची दाटी निम्म्यावर आणायची, खाद्य एक वेळचं आणि तेही पहाटे, गच्चीवर हिरवी जाळी, टाक्यांवर ओला बारदाना. पाणी बदलायचं ते रोज थोडं थोडं. थंड पाण्याची बादली एकदम ओतली तर माशाला धक्का बसतो. स्पंज फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण त्यांनाही प्राणवायू लागतो. वीज गेली की मासे आणि जिवाणू दोघेही गुदमरू लागतात. बॅटरीवरचा एअर पंप या घरात पंख्याच्या आधी जोडला गेला.

हिवाळ्याची भीती निराळी. डिसेंबरच्या रात्री पारा खाली आला की माशांच्या अंगावर मिठाचे दाणे पडावेत तसे पांढरे ठिपके उमटतात. हे ठिपके एका परजीवीचे. तो माशाच्या कातडीखाली असतो तोवर औषध त्याला पोचत नाही. तिथून गळून तो तळाशी जातो, शेकडो तुकड्यांत फुटतो, आणि पोहत नवा मासा शोधतो. त्या पोहण्याच्या काळातच तो मारता येतो. म्हणून ठिपके नाहीसे दिसल्यावरही उपचार थांबवायचा नसतो. पाण्याची ऊब हळूहळू तिशीपर्यंत नेली की परजीवीचं चक्र लवकर फिरतं आणि औषधाच्या तडाख्यात लवकर सापडतं.

शेजारचा मुलगा रोज बघायला येतो. “काका, मासे काऊन मरते जी?” हा त्याचा ठरलेला प्रश्न. त्याला उत्तर म्हणून त्यांनी झेब्राची टाकी दाखवली. निळ्या-रुपेरी रेघांचा हा मासा आपल्याच देशातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणलं आणि आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या ठिकाणीही त्याच्यावर काम चालतं. अंडं पारदर्शक असल्यामुळे आतलं हृदय धडधडायला लागलेलं साध्या भिंगातून दिसतं. झेब्रा पहाटेच्या पहिल्या उजेडात अंडी टाकतो आणि लगेच स्वतःच ती खातो. त्यासाठी टाकीच्या तळाशी गोट्यांचा थर देतात. अंडी फटींत घरंगळतात, आईबापांचं तोंड तिथवर जात नाही. मुलगा आता पहाटे उठून येतो.

विक्रीचा भाग थोडक्यात सांगता येईल. मासे एक दिवस उपाशी ठेवायचे, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरायचा, थर्माकोलच्या पेटीत अंधारात ठेवून रात्रीच्या गाडीने पाठवायचे. भाव जोडीवर ठरतो आणि दुकानदार ठरवतो. परसातल्या शोभेच्या माशांच्या युनिटसाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत तीन लाख रुपयांचा प्रकल्प खर्च धरलेला आहे. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य मिळतं. नागपुरात मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. पण योजनेच्या पैशांत टाक्या बांधून होतात, मोइनाचं पाणी हिरवं ठेवायला रोज घरातलं माणूस लागतं. ज्या घरात बाई किंवा म्हातारं माणूस दिवसभर असतं, त्या घरात हे काम टिकतं.

एका गोष्टीवर हे गृहस्थ फार कठोर आहेत. टाकीतला कोणताही मासा नदी-नाल्यात सोडायचा नाही, गिऱ्हाइकानेही नाही. उजनीच्या जलाशयात सकर मासा माजला तो कुठल्यातरी घरातल्या काचेच्या टाकीतूनच सुटलेल्यांचा वंश. त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. उलट्या दिशेनेही नुकसान चालूच आहे. २००५ ते २०१२ या काळात धोक्यात आलेल्या ३० जातींचे १५ लाखांवर गोड्या पाण्यातले मासे भारतातून हौशी लोकांसाठी निर्यात झाल्याचं संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं. सह्याद्रीतल्या ओढ्यांत राहणारी पट्ट्यापट्ट्यांची झेब्रा लोच त्यांपैकीच एक. हे मासे बहुतांश नदीतूनच पकडलेले. घरात जन्मलेल्या प्रत्येक पिल्लामागे नदीतला एक मासा वाचू शकतो, पण त्यासाठी घरात त्या जातीची पैदास व्हायला हवी. गप्पीच्या शंभर पिल्लांनी तो वाचत नाही.

म्हणून गेल्या पावसाळ्यापासून खालच्या रांगेतली एक टाकी टिक्टोसाठी राखून ठेवली आहे. दोन काळ्या ठिपक्यांचा हा लहानसा बार्ब आपल्याकडच्या ओढ्यांत, तळ्यांत सापडतो आणि लोक त्याला किरकोळ मासळी म्हणून बाजूला टाकतात. जड पाण्याची, उन्हाळ्याची त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. विणीच्या दिवसांत नराच्या अंगावर तांबूस झाक चढते. टाकीत जावा मॉसचा झुपका ठेवायचा, साठवलेलं पावसाचं पाणी थोडं थोडं मिसळत जायचं, आणि अंडी झाली की आईबाप लगेच बाहेर. पिल्लं झाली, जगली आणि वाढलीही. नागपूरच्या दुकानदाराने मात्र ती बघून मान हलवली: रंग नाही, गिऱ्हाईक घेणार नाही. काही जोड्या आता गावातल्या शाळेच्या टाकीत आहेत. उरलेल्यांतून ज्यांची तांबूस झाक ठळक आहे असे नर वेगळे काढून झाले आहेत. पुढच्या मृगाला त्यांच्या जोड्या लावायच्या आहेत, आणि दोन-तीन पिढ्यांनी तो रंग दुकानाच्या उजेडात दिसेल इतका चढतो का, ते बघायचं आहे.